स्वाक्षरीनंतरचा करार : मुक्त व्यावसायिक व कामदाते यांच्यातील दस्तांची हाताळणी (हिंगणा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या हिंगणा परिसराची ओळख प्रामुख्याने तेथील औद्योगिक वसाहतीमुळे झाली आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या वसाहतीत ट्रॅक्टरनिर्मितीच्या मोठ्या कारखान्यापासून दोन लेथ यंत्रांवर चालणाऱ्या शेडपर्यंत सर्व प्रकारचे उद्योग आढळतात. मोठ्या कारखान्याने सुटे काम बाहेर द्यावे, लहान शेडने ते ‘जॉबवर्क’ म्हणून करून द्यावे, मालासोबत चलन जावे आणि देयकाची वाट पाहावी, ही येथील जुनी रीत होय. वानाडोंगरी, डिगडोह या भागांत अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली आणि २०२० मध्ये लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो आली. त्या काळात या जुन्या रीतीला एक नवे रूप प्राप्त झाले. यंत्रभागांची संगणकीय रेखाचित्रे करणारा, संकेतस्थळ बांधणारा, माहितीपत्रकाची मांडणी करणारा, भाषांतर करणारा किंवा हिशेब लिहिणारा तरुण आता कोणाचाही नोकर न होता एकाच वेळी चार जणांचे काम करतो. प्रस्तुत लेखात अशा व्यक्तीस ‘मुक्त व्यावसायिक’ आणि काम देणाऱ्यास ‘कामदाता’ असे म्हटले आहे.

करार कसा लिहावा याविषयी मार्गदर्शन करणारे साहित्य विपुल आहे. करारावर स्वाक्षरी झाल्यानंतर त्या कागदाचे काय करावे, हा विषय मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः वाद उद्भवतो तेव्हा न्यायालयासमोर किंवा परिषदेसमोर प्रश्न उभे राहतात ते याच टप्प्यावरील असतात. मूळ प्रत कोठे आहे, मुद्रांक केव्हाचा आहे, नंतर वाढविलेल्या कामाला संमती कोणी दिली, काम पोहोचल्याची तारीख कोणती, हे ते प्रश्न होत. हा विषय प्राध्यापकवर्गाशी दोन प्रकारे निगडित आहे. विद्यार्थी पदवीनंतर मोठ्या संख्येने याच मार्गाने जात आहेत, आणि महाविद्यालय ही संस्थादेखील संकेतस्थळ, वार्षिकांक, बोधचिन्ह, चित्रफीत अशा कामांसाठी स्वतः कामदाता असते.

कराराची वैधता आणि काही रूढ समजुती

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० नुसार करार करण्यास सक्षम असलेल्या पक्षांनी मुक्त संमतीने, कायदेशीर प्रतिफलासाठी व कायदेशीर उद्दिष्टाने केलेला करार वैध ठरतो. विशिष्ट कायद्याने सक्ती केली नसेल तर त्यासाठी लेखी रूपाचीही आवश्यकता नाही. तथापि लोकव्यवहारात ‘स्टॅम्पपेपरवर लिहिले आणि नोटरी केली म्हणजे करार पक्का’ अशी समजूत दृढ आहे. नोटरी ही स्वाक्षरी कोणी व केव्हा केली याला आधार देते. सेवाकराराच्या वैधतेसाठी ती अट नाही. साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्यांचेही तसेच आहे. त्या असल्यास उत्तम, परंतु त्यांच्या अभावी करार रद्द होत नाही.

याउलट समजूतही तितकीच घातक आहे. ई-मेलवर ठरले म्हणजे ‘करार झालाच नाही’ असे मानणारे कामदाते आढळतात. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या २०१० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पत्रव्यवहार आणि ई-मेल यांतून प्रस्ताव व स्वीकार स्पष्ट होत असल्यास, औपचारिक दस्तावर स्वाक्षरी झाली नसली तरी करार पूर्ण होतो, असे स्पष्ट केले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये नंतर समाविष्ट झालेले कलम १०-अ हेदेखील हेच सांगते, की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही. मग स्वाक्षरी कशासाठी? लेखी करारावर आधारित निश्चित रकमेची मागणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील संक्षिप्त दाव्याने करता येते. प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी प्रथम न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. स्वाक्षरीचा खरा लाभ हा पुराव्याचा व वेळेचा आहे.

स्वाक्षरी कोणाची, हेही पाहावे लागते. कंपनीच्या वतीने सही करणाऱ्यास तसा अधिकार आहे काय, एकल मालकीच्या दुकानाच्या नावाखाली मालकाचे स्वतःचे नाव आहे काय, या साध्या नोंदी पुढे महत्त्वाच्या ठरतात. दोन मित्रांनी मिळून भागीदारीत काम घेतले असेल तर अधिक सावधगिरी हवी. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी न झालेली भागीदारी संस्था करारावरून उद्भवणाऱ्या हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा दाखल करू शकत नाही. शेजारच्या टेबलावरच्या वर्गमित्राबरोबर सुरू केलेल्या व्यवसायात ही गोष्ट पहिल्या बुडीत देयकापर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही.

मुद्रांक : नागपुरातून निघालेले एक प्रकरण

मुद्रांकाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो किती दूरवर जाऊ शकतो याचे बोलके उदाहरण नागपूरच्याच वाणिज्यिक न्यायालयातून सुरू झाले. कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनच्या कोळसा धुण्याच्या कामाचे कंत्राट इंडो युनिक फ्लेम या कंपनीस मिळाले होते. या कंपनीने कोळशाच्या वाहतुकीचे व हाताळणीचे उपकाम २८ सप्टेंबर २०१५ च्या कार्यादेशाने एन. एन. ग्लोबल मर्कंटाइल या कंपनीस दिले. पुढे बँक हमीवरून वाद झाला. एका पक्षाने नागपुरात दावा लावला, तर दुसऱ्याने कार्यादेशातील लवादकलमावर बोट ठेवले. त्यावर उत्तर असे आले, की कार्यादेशावर मुद्रांकच नाही. सबब त्यातील लवादकलमाचाही आधार घेता येत नाही.

हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयामार्गे सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने लवादकलम स्वतंत्र असल्याने मुद्रांकाच्या अभावी ते निष्प्रभ होत नाही असे मत दिले. मात्र पूर्वीच्या निर्णयांशी विसंगती असल्याने प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. एप्रिल २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३ विरुद्ध २ अशा मताधिक्याने नेमका उलट निर्णय दिला. अखेर १३ डिसेंबर २०२३ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्दबातल ठरविला आणि मुद्रांक नसलेला दस्त पुराव्यात अग्राह्य असतो, तो शून्यवत नसतो व हा दोष दुरुस्त होऊ शकतो, असे निःसंदिग्धपणे सांगितले. कार्यादेशापासून या उत्तरापर्यंत आठ वर्षे लोटली होती, आणि एवढ्या काळात मूळ वादाच्या गुणवत्तेचा विचारच बाजूला राहिला. एवढे सामर्थ्य आणि एवढे वकील मुक्त व्यावसायिकाकडे कोठून असणार?

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ च्या कलम १७ नुसार दस्त निष्पादित करण्यापूर्वी, त्या वेळी किंवा फार तर लगतच्या कामकाजाच्या दिवशी मुद्रांकित व्हावयास हवा. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक किरकोळ दस्तांवरील किमान शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपये झाले आहे. त्यामुळे जुन्या नमुन्यावर विसंबून शंभर रुपयांवर भागविलेला अलीकडील करार अपुऱ्या मुद्रांकाचा ठरू शकतो. कलम ५२-ब नुसार खरेदी केलेला मुद्रांक सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो. कपाटात ‘असू द्यावा’ म्हणून ठेवलेला कोरा मुद्रांकपत्र म्हणूनच निरुपयोगी आहे. शुल्क कमी पडल्यास ते व त्यावर दरमहा २ टक्के दराने होणारी शास्ती भरून दस्त पुराव्यात दाखल करता येतो.

येथे मूळ प्रतीचे महत्त्व दिसून येते. दुरुस्तीची ही सोय मूळ दस्तासाठी आहे. हरिओम अगरवाल विरुद्ध प्रकाशचंद मालवीय या २००७ च्या प्रकरणात, अपुऱ्या मुद्रांकाच्या दस्ताची छायाप्रत शास्ती भरूनही दुय्यम पुरावा म्हणून दाखल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजेच मूळ दस्त हरवला आणि त्यावर पुरेसा मुद्रांक नव्हता, तर दंड भरण्याची तयारी असूनही मार्ग बंद होतो. एकच मूळ प्रत असेल आणि ती कामदात्याच्या फायलीत असेल, तर मुक्त व्यावसायिकाकडे उरते ती भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र. दोन मूळ प्रती करणे व दोन्हींचे शुल्क भरणे हा त्यावरील उपाय आहे. ते शक्य नसेल तर मूळ कोणाकडे राहील व मागणी केल्यावर ती किती दिवसांत दाखविली जाईल, हे करारातच नमूद करावे.

स्वाक्षरीनंतर बदलणारे काम

उदाहरणादाखल असे समजू, की वानाडोंगरीच्या एका तरुणाने औद्योगिक वसाहतीतील कारखान्यासाठी बारा यंत्रभागांची रेखाचित्रे ६०,००० रुपयांत करून देण्याचा करार केला. आठवडाभरात कारखान्याच्या पर्यवेक्षकाने व्हॉट्सॲपवर ‘अजून चार भाग घ्या, नंतर बघू’ असा निरोप धाडला. काम सोळा भागांचे झाले. देयक ८०,००० रुपयांचे गेले. लेखा विभागाने करार काढून दाखविला: बारा भाग, ६०,००० रुपये.

करार अधिनियमाच्या कलम ६२ नुसार उभय पक्ष संमतीने मूळ कराराच्या जागी नवा करार आणू शकतात किंवा त्यात फेरफार करू शकतात. पर्यवेक्षकाला तसा अधिकार होता काय, हा येथील कळीचा प्रश्न. अधिकार सिद्ध झाला नाही तरी कलम ७० चा आधार उरतो. एखाद्याने विनामूल्य करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे, असे हे कलम सांगते. परंतु हा मोबदला ठरलेल्या दराने मिळेलच असे नाही. वाजवी किंमत सिद्ध करावी लागते. दोन ओळींची पुरवणी, तीवर मूळ करारावर सही करणाऱ्याचीच सही आणि मूळ कराराची तारीख, एवढ्याने हा सर्व प्रपंच टळतो. मूळ दस्तावर नंतर पेनाने आकडा बदलणे, पांढरी शाई लावणे किंवा मधले पान बदलून पुन्हा टाचणे मात्र कटाक्षाने टाळावे. दुसऱ्या पक्षाच्या संमतीविना केलेला महत्त्वाचा फेरफार ज्याने केला त्याच्याच हक्काचा घात करतो. प्रत्येक पानावर आद्याक्षरी घेण्याची जुन्या कारकुनांची सवय कंटाळवाणी खरी, पण तिचे कारण हे आहे.

इलेक्ट्रॉनिक नोंदींचा पुरावा

पुरवण्या, मंजुऱ्या आणि तक्रारी आज संदेशांतून होत असल्याने करारासोबत त्या जपणे हाही हाताळणीचा भाग झाला आहे. या संदर्भात जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेले अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल हे प्रकरण मार्गदर्शक आहे. मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र देणे अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट कायम ठेवली असून प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत. एक नोंद सादर करणाऱ्याचा व दुसरा तज्ज्ञाचा. त्यात नोंदीचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते.

यातून व्यवहाराची काही पथ्ये आपोआप निघतात. पडद्याचे छायाचित्र काढून मूळ संभाषण पुसून टाकणे अहितकारक आहे. भ्रमणध्वनी बदलताना संभाषण जसेच्या तसे निर्यात करून ठेवावे. स्वाक्षरीच्या चित्राची प्रत दस्तात डकविणे आणि आधारआधारित किंवा डिजिटल प्रमाणपत्रावर आधारित स्वाक्षरी करणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात दस्तात नंतर बदल झाला तर तो उघड होतो. पहिल्या प्रकारात स्वाक्षरी कोणी डकविली हेदेखील सांगता येत नाही.

देयकाची मुदत

मुक्त व्यावसायिकांना सर्वाधिक उपयोगी आणि तितकाच अपरिचित असा कायदा म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६. उद्यम नोंदणी केलेली एकटी व्यक्तीदेखील सेवा देणारा सूक्ष्म उपक्रम ठरू शकते. या अधिनियमाच्या कलम १५ नुसार लेखी करार असला तरी देयकाची मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही; मुदत ठरलीच नसेल तर ती १५ दिवसांची. विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. ‘देयक ९० दिवसांत’ अशी ओळ करारात असली तरी तिचा उपयोग नाही, कारण कलम २४ ने या तरतुदींना वरचढ स्थान दिले आहे.

दस्तांच्या हाताळणीच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाची बाब मात्र व्याख्येत दडलेली आहे. काम पोहोचल्यापासून १५ दिवसांत कामदात्याने लेखी हरकत घेतली नाही, तर काम ज्या दिवशी पोहोचले त्याच दिवशी ते स्वीकारले गेले असे मानले जाते. म्हणून काम सोपविल्याचा दिनांकित ई-मेल किंवा पोच असलेले चलन हे कराराइतकेच मोलाचे कागद होत. हिंगण्यातील जुना जॉबवर्कवाला मालासोबत चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याखेरीज टेम्पो परत आणत नसे. संगणकावर काम करणाऱ्या पिढीने ही सवय सोडली आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

वाद झाल्यास कलम १८ नुसार सुलभीकरण परिषदेकडे जाता येते. पुरवठादार ज्या परिषदेच्या क्षेत्रात आहे तिला अधिकारक्षेत्र असते, मग कामदाता भारतात कोठेही असो. ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ असे छापील कलम असलेल्या करारावर सही केलेल्या नागपूरकरासाठी ही तरतूद मोठा आधार आहे. परिषदेच्या निवाड्यास आव्हान देऊ इच्छिणाऱ्या कामदात्याला कलम १९ नुसार आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. अर्थात या संरक्षणालाही मर्यादा आहेत. सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये करारानंतर व कामानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागे जाऊन मिळत नाही असे म्हटले. नोंदणी करारापूर्वीच हवी काय, हा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. शहाणपण यात आहे, की नोंदणी आधी करावी आणि तिचा क्रमांक करारात व प्रत्येक देयकावर लिहावा.

मुदतीचा कायदाही विसरता येत नाही. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी सर्वसाधारणपणे ३ वर्षांत दावा करावा लागतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १८ नुसार ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली तर नव्याने मोजणी सुरू होते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाविरुद्धच्या सोनाली पॉवर इक्विपमेंट्स प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य मागणीही परिषदेपुढे सलोख्यासाठी नेता येते, परंतु लवादासाठी मुदतीचा कायदा लागू होतो, असा भेद केला. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ हा दूरध्वनीवरील शब्द या मोजणीत धरला जात नाही.

हक्क कोणाचा?

कामाचे पैसे दिले म्हणजे ते काम सर्वस्वी आपले झाले, ही कामदात्यांची समजूत प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ शी जुळत नाही. कलम १७ नुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नियोक्ता असतो. मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र, व्यक्तिचित्र, चित्रपट अशा काही कृतींबाबत कामदाता पहिला मालक असतो. परंतु मुक्त व्यावसायिकाने लिहिलेली संगणक आज्ञावली, लेख किंवा भाषांतर यांची मालकी, वेगळे ठरले नसेल तर, कर्त्याकडेच राहते. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात कालावधी लिहिला नसेल तर ते ५ वर्षांचे आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते मानले जाते. संकेतस्थळाच्या करारात ही दोन वाक्ये नसतील तर सहाव्या वर्षी कोणाचे काय, याचे उत्तर महाविद्यालयाच्या फायलीत सापडणार नाही.

कामदात्याच्या बाजूने घातली जाणारी ‘दोन वर्षे आमच्या स्पर्धकांचे काम करणार नाही’ अशी अट हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान व पर्सेप्ट डी’मार्क ही संस्था यांच्यातील २००० साली झालेल्या करारात, मुदत संपल्यावरही नवा प्रस्ताव आधी या संस्थेपुढे ठेवावा अशी अट होती. करार अधिनियमाच्या कलम २७ खाली कराराच्या मुदतीनंतर लागू होणारे असे निर्बंध टिकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. गोपनीयतेचे बंधन मात्र वेगळे. कारखान्याची रेखाचित्रे काम संपल्यावरही दुसऱ्यास दाखविता येत नाहीत.

महाविद्यालय कामदाता असताना

उपरोक्त अधिनियमात ‘खरेदीदार’ या संज्ञेत मोबदल्यासाठी पुरवठादाराकडून सेवा घेणारा कोणीही येतो. शिक्षणसंस्थेला त्यातून वगळलेले नाही. वार्षिकांकाची मांडणी करणाऱ्या उद्यम नोंदणीधारकाचे देयक खरेदी समिती, लेखा विभाग, प्राचार्य आणि संस्थेचे कार्यालय अशा क्रमाने फिरत राहिले, तरी ४५ दिवसांची मोजणी थांबत नाही. तसेच बोधचिन्ह तयार करून देणारा बहुधा माजी विद्यार्थी असतो आणि त्याच्याशी करार तोंडी असतो. मूल्यांकनाच्या वेळी संकेतस्थळाचे प्रवेशशब्द त्याच्याकडेच असल्याचे ध्यानात येते, तेव्हा तो पुण्यात नोकरीला लागलेला असतो.

महाविद्यालयाच्या कार्यालयात अशा करारांसाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवता येईल. कराराचा दिनांक, मुद्रांकाचा क्रमांक, मूळ प्रतीचे ठिकाण, पुरवण्या, काम पोहोचल्याचा दिवस, हरकतीचा अखेरचा दिवस, देयकाचा अखेरचा दिवस आणि हक्क हस्तांतरणाचा कालावधी एवढे रकाने त्यात पुरेत. प्राचार्य किंवा कार्यालय अधीक्षक बदलताना ती वही प्रभाराच्या यादीत लिहून घ्यावी. अखेरचे देयक चुकते झाल्यावर किमान ३ वर्षे मूळ दस्त काढू नये. आणि ज्या करारात प्रतिलिप्यधिकाराचे हस्तांतरण आहे तो, हस्तांतरणाची मुदत चालू असेपर्यंत, जडवस्तू नोंदवहीशेजारीच कुलपात ठेवावा.